आठ टाकांपुढे बसलेला गंगाराम

आमच्या रापणीत गंगारामाच्या मागे दोराला उभं राहायला कुणी तयार नसे. तो ओढू लागला की मागच्याला नुसतं मागे मागे चालत जायचं काम उरायचं, आणि मग बाकीचे त्या मागच्याला चिडवायचे, की काय रे, ओढायला आलास की हवा खायला? मागे बहुतेक वेळा मीच असायचो, म्हणून हे टोमणे माझ्या चांगले ओळखीचे आहेत. पण खरं सांगतो, त्या पाठीमागे चालण्यात मजा होती. गंगाराम ओढता ओढता गोष्टी सांगायचा, आणि गोष्टीचा शेवट बरोबर जाळं वाळूला लागताना यायचा.

रापण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंनी साऱ्या वाडीने ते ओढत आणायचं. येईल ती मासळी वाटून घ्यायची. दोराला हात लावील त्याला वाटा, न लावील त्याला नाही. मालवण बंदराच्या दक्षिणेला आमची वाडी, आणि आमच्या वाडीला दुसरा कायदा ठाऊक नव्हता. रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांचा म्होरक्या, होता भिकाजी. हा गंगारामाचा थोरला सख्खा भाऊ. बाप लवकर गेल्यामुळे भिकाजीनेच त्याला वाढवलेला.

गंगाराम रडका माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. एकदा शिरोड्याला एका लग्नाला आम्ही होडीने चाललो होतो. वाटेत ह्याच्या अंगठ्यात गळ घुसला. माशाचा गळ आत जातो तो उलटा बाहेर येत नाही, त्याला पुढेच ढकलून दुसरीकडून काढावा लागतो. गंगारामाने तो स्वतः ढकलला, पक्कडीने टोक तोडलं आणि मला म्हणाला, "अंगठो गेलो तरी जेवूक बाकीची बोटां पुरतत." लग्नात जिलेबी वाढायलाही हाच पुढे.

अशा माणसाला एकसष्ट सालच्या डिसेंबरात जाळ्यातली मासळी निवडत असताना पाकटाने काटा मारला. पाकट म्हणजे तो चपटा, पंखांसारखा पसरलेला मासा, त्याच्या शेपटीत विषारी काटा असतो. काटा उजव्या तळव्यात आरपार गेला. आमच्याकडे हे नवीन नाही. गरम पाण्यात हात धरायचा, दोन रात्री बोंबलायचं, पंधरवड्यात दोराला परत यायचं. गंगारामाची जखमही महिन्याभरात भरली. दुखणं मात्र गेलं नाही. उलट वाढत गेलं. सदऱ्याची बाही तळव्याला लागली तरी तो कळवळायचा. वारा सुटला की हात छातीशी धरायचा, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. वर ओलं फडकं गुंडाळलेलं. हात थंडगार, कातडी पातळ आणि चकचकीत झालेली. पण नुसतं बघणाऱ्याला काय दिसणार? धडधाकट हात. मालवणच्या डॉक्टरांनी जखम भरली म्हणून सांगितलं. कोल्हापूरला नेऊन फोटो काढला, हाडं शाबूत निघाली.

इथून त्याचे दिवस फिरले. आपल्या लोकांना तुटकं दिसतं, सुजलेलं दिसतं, रक्त दिसतं. हे कुणाला दिसेना. आमच्यातला गुरुदास म्हणून एक होता, जीभ त्याची खेकड्यासारखी तिरकी चालायची. तो भर किनाऱ्यावर म्हणायचा, "गंग्याचो हात आता राजा झालो. तेका वारो घालूक माणूस ठेवा." लोक हसायचे. सुरुवातीला गंगारामही हसायचा. पुढे तो किनाऱ्यावर यायचाच बंद झाला.

सगळ्यात वाईट अवस्था भिकाजीची. भावाला बसवून वाटा दिला तर तांडेल घरभरू, नाही दिला तर भावाच्या पोरांच्या तोंडचा घास काढला. दोन हंगाम त्याने कसंबसं निभावलं. तिसऱ्या हंगामात, चौसष्ट सालच्या मे महिन्यात, त्याने जाहीर केलं की पावसाआधीच्या बैठकीत गंगारामाचा निकाल लावायचा. हात खरोखर निकामी असेल तर रापण त्याला सांभाळील. सोंग असेल तर रापणीतून नाव कमी. आणि बायकोला सांगावं तसं खालच्या आवाजात मला म्हणाला, "माका तर ता सोंगच वाटता रे. हात बघ तेचो. माज्यापरीस बरो आसा."

भावालाच खरं वाटत नाही, हे गंगारामाच्या कानावर गेलं. वाडीत काय कानावर जायचं राहतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको सुभद्रा वहिनी माझ्या अंगणात आली. धावत आली, पण बोलली हळू. म्हणाली, परसात चला. मी गेलो. गंगाराम नारळ सोलायच्या जागी बसला होता. उजवा हात ओंडक्यावर मांडलेला, फडकं सोडलेलं. डाव्या हातात कोयता. मी शेजारी बसलो.  तो म्हणाला, "तुटलेलो हात तरी लोकांक दिसात."

कोयता मी काढून घेतला आणि घरी नेऊन माळ्यावर टाकला. पण आमच्या वाडीत घराला दोन तरी कोयते. मी किती माळ्यांवर टाकणार?

त्याच सुमाराला आमच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नीरजाबाई त्यांचं नाव. मूळच्या बांद्याच्या, मास्तरांची मुलगी, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात होत्या. फेफऱ्याचे रोगी तपासायला त्या मेच्या सुट्टीत इकडे यायच्या. त्यांच्याबरोबर एक यंत्र होतं. कसालच्या फाट्यावर त्यांची जीप बिघडली तेव्हा ते यंत्र बैलगाडीत चढवायला सहा माणसं लागली. डोक्याला तारा लावल्या की आत मेंदूत जी वीज खेळते ती ह्या यंत्राचे आठ टाक शाईने कागदावर लिहून काढत. कागद सारखा सरकत राहायचा. शाळेत वीज नव्हती. बाईंनी तंबूच्या सिनेमावाल्याचा जनरेटर मागून आणला, तो धडधडतो म्हणून माडांच्या पलीकडे लांब ठेवला आणि तार खिडकीतून आत घेतली. सिनेमावाला जनरेटरपाशी खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आत मेंदूचा सिनेमा चाललाय, तिकीट नाही.

सुभद्रा वहिनी आणि मी बाईंकडे गेलो. बाई आधी नाही म्हणाल्या. यंत्र फेफऱ्यासाठी आहे, दुखण्यासाठी नाही. पण गंगारामाला एकदा बघायला कबूल झाल्या. त्याला समोर बसवून त्यांनी कापसाचा एक पुंजका घेतला आणि डाव्या तळव्यावरून फिरवला. मग उजव्यावरून. गंगाराम काही बोलला नाही, पण त्याच्या कपाळावर घाम आला. बाईंनी तो घाम बघितला. म्हणाल्या, "मला खरं वाटतं तुमचं." अडीच वर्षांत हे शब्द त्याला कुणी म्हटले नव्हते. 

सुभद्रा वहिनीने विचारलं, की मग हे यंत्रावर काढून देता येईल का? चार लोकांना दाखवण्यासारखं? बाईंनी बराच विचार केला. परदेशात काही लोक असं काहीतरी करून बघताहेत, असं त्या म्हणाल्या. वेदना झाली की मेंदूत काय हलतं ते टाळूवरून टिपता येतं का, ह्याचा शोध चाललाय. पण अजून काही नक्की नाही. दिसेल कदाचित, कदाचित दिसणारही नाही.

आता एवढं बोलणं शाळेतून वाडीत पोचेपर्यंत त्याचं काय झालं म्हणता? संध्याकाळी गुरुदास किनाऱ्यावर सांगत होता की मुंबईचं यंत्र आलंय, ते खोटं पकडतं. भिकाजी म्हणाला, बरं झालं. यंत्रापुढेच होऊ दे. बाईंनी दोनदा निरोप पाठवला की यंत्र खरं-खोटं सांगत नाही. तो कुणी ऐकून घेतला नाही.

आणि गंगाराम? तो रात्रभर बसून होता, सुभद्रा वहिनीने सांगितलं. सकाळी मला म्हणाला, "मशिनीनपण नाय म्हटल्यान तर?" 

दुपारी शाळेत बोलावणं होतं. बाईंनी आत फक्त तिघांना घेतलं. भिकाजी, सुभद्रा वहिनी आणि मी. बाकी सगळी रापण खिडक्यांना. मेची दुपार, वारा पडलेला, कौलांखाली जीव नकोसा झालेला. गंगारामाला मास्तरांच्या खुर्चीत बसवलं. डोक्यावर रबरी पट्ट्यांची जाळी, तिच्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गाद्या, गादीगादीला तार. मिठाचं पाणी कालवताना बघून खिडकीतून कुणीतरी म्हणालं, बाई, दर्या भायेर आसा, मीठ कित्याक इकत घेतास? बाईही हसल्या. तेवढंच हसणं त्या दिवशीचं.

बाईंनी त्याला डोळे मिटून स्वस्थ बसायला सांगितलं. यंत्र सुरू केलं. टाक हलू लागले.

आणि खिडकीतून बाबूने गाऱ्हाणं सुरू केलं.

बाबू आमच्या रापणीतला सगळ्यात वडील. जाळं पाण्यात पडण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय विहीर खणत नाहीत, होडी लोटत नाहीत, शाळेत नवा मास्तर रुजू होत नाही. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, म्हाताऱ्याने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बा देवा रवळनाथा! आज ह्यो तुजो गंगाराम मशिनीक बसलो आसा. तेच्या डोक्यात जां काय खरां आसात तां ह्या कागदार उमटू दे रे म्हाराजा!"

सगळी रापण ओरडली, "होय म्हाराजा!"

आणि खुर्चीतला गंगारामही ओरडला, "होय म्हाराजा!" गाऱ्हाणं ऐकलं आणि होय म्हाराजा म्हटलं नाही, असं आमच्या माणसाला जमतच नाही. झोपेतही जमणार नाही.

आठही टाक उसळले. शाई बाईंच्या पातळावर उडाली. कागदावर नुसतं काळं रान माजलं. खिडक्यांतून एकच गलका झाला, की देवाने कौल दिला. कुणी म्हणालं टाक उजवीकडे उडाले, उजवा कौल, हात खरा. गुरुदास म्हणाला डावीकडे उडाले. दोन मिनिटांत दोन पक्ष पडले. सुभद्रा वहिनीने देवाला हात जोडले, तिला ते खरं वाटलं.

बाईंनी यंत्र थांबवलं. त्यांना सगळ्यांना समजावणं भाग होतं. हा मेंदू नव्हे, हा जबडा आहे, त्या म्हणाल्या. माणूस बोलला, दात चावले की जबड्याच्या स्नायूंची वीज टाकांवर येते. आणि पटावं म्हणून त्यांनी गंगारामाला गप्प बसून नुसते दात आवळायला सांगितलं. त्याने आवळले. टाक पुन्हा तसेच उसळले.

सगळे गप्प झाले. बाईंना वाटलं, पटलं. पण भिकाजीच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो. तो इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "म्हंजे दात चावन तो मशिनीक फसवू शकता."

आपण काय करून बसलो ते बाईंना तेव्हा कळलं. मदत करायला गेल्या आणि गंगारामाच्या गळ्यात धोंडा बांधून बसल्या. खिडक्यांतून कुजबूज सुरू झाली. गंगाराम डोळे मिटूनच होता. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो मी बघितला. बोटं पांढरी पडली होती.

बाईंनी कापसाचा नवा पुंजका काढला. मग भिकाजीला म्हणाल्या, "तुम्हीच हात लावा. मी लावणार नाही."

त्यांनी काय मांडलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूने बारीक लाटा निघतात. एकासारखी एक, ओहोटीच्या वेळी डबक्यात वाऱ्याने उठतात तशा. काही कारणाने मेंदू दचकला की ह्या लाटा मोडतात आणि रेघ सपाट होते. दात चावून उसळी आणता येते, पण ती काळी आणि वेडीवाकडी, लगेच ओळखू येते. इथे उसळी बघायचीच नव्हती. लाटा मोडतात का, एवढंच बघायचं होतं. डोळे उघडले तरी लाटा मोडतात, म्हणून बाईंनी गंगारामाच्या डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवून पट्टी बांधली. शाळेच्या दाराचा पडदा काढून त्याच्या छातीपुढे आडवा लावला आणि दोन्ही हात पडद्यापलीकडे बाकावर ठेवले. कोणत्या हाताला कधी शिवायचं, हे भिकाजीने ठरवायचं. कुणी शब्द काढायचा नाही. बाबूकडे त्यांनी खास बघितलं. म्हाताऱ्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

कागद सरकू लागला. लाटा येईपर्यंत बराच वेळ गेला. मग त्या आल्या. बाईंनी भिकाजीला मान हलवून खूण केली.

भिकाजीने कापूस डाव्या हाताला, बऱ्या हाताला, लावला. लाटा मोडल्या.

खिडकीत कुणीतरी जोरात श्वास घेतला. भिकाजीने बाईंकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ सगळ्यांना कळला. बऱ्या हातालाही तेच, मग आता काय? बाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि पुन्हा म्हणून खूण केली.

पुन्हा डावा. लाटा थोड्या हलल्या, परत आल्या. पुन्हा डावा. आता लाटा चालूच राहिल्या. ह्या हाताला आपल्याला शिवतंय ते कळलं होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. आपल्या पायावरून मुंगी दोनदा गेली की तिसऱ्यांदा आपण बघत नाही, तसं.

मग भिकाजीने कापूस उजव्या हातावर नेला. तळव्यापासून बोटभर वर धरून थांबला.  मग टेकवला.

रेघ सपाट झाली. कोरड्या वाळूत पाणी जिरावं तशा लाटा गेल्या. त्या परत यायला कितीतरी वेळ लागला.

पुन्हा उजवा. पुन्हा सपाट. डावा, लाटा चालू. उजवा, सपाट. भिकाजी फसवायला बघत होता. दोनदा डावा, एकदा उजवा, मग पुन्हा उजवा, मग बराच वेळ काहीच नाही. उजव्या हाताला सवय होतच नव्हती. दर वेळी पहिल्यांदाच शिवल्यासारखं. आणि पडद्याच्या अलीकडे गंगारामाचा चेहरा कोरा. ना ओठ हलले, ना मान.

तो कोरा चेहराच भिकाजीला सोसवला नसावा. मी पुढे कितीतरी वर्षं ह्यावर विचार केला, मला तरी असंच वाटतं. कागद एक सांगत होता, भावाचा चेहरा दुसरंच. कुणीतरी एक खोटं बोलत होतं. त्याने कापूस खाली टाकला आणि मासळीचा ताजेपणा बघायला आपण अंगठा दाबतो तसा अंगठा भावाच्या उजव्या तळव्यात दाबला. पूर्ण जोराने. रापणीच्या तांडेलाचा अंगठा तो.

टाक कागदाबाहेर गेले. एक टाक मोडला. गंगारामाचं सगळं अंग खुर्चीत ताठ झालं, पण तोंडातून आवाज आला नाही.

"सोड तेका!" बाई ओरडल्या. इतका वेळ पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या बाई, तेव्हा त्यांच्या तोंडून आमची बोली आली. "सोड म्हणतंय ना!"

भिकाजीने सोडला. पण तो मागे सरला नाही. आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग पडदा बाजूला करून भावापुढे आला. डोळ्यांवरच्या पट्टीखालून दोन्ही गालांवर पाणी उतरत होतं.

"बोंब कित्याक मारूक नाय रे?" भिकाजीने विचारलं. 

गंगाराम पट्टी बांधलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "तीन वर्सां मारतंय दादा."

बाहेर माडांपलीकडे जनरेटर धडधडत होता, तेवढाच आवाज. सुभद्रा वहिनी उठली, तिने पट्टी सोडली, पदराने त्याचं तोंड पुसलं. खिडक्यांतून हळूहळू माणसं कमी होऊ लागली.

गुरुदास मात्र खिडकीतच होता. त्याने बाईंना सरळ विचारलं, की मग कागदाने काय सांगितलं? दुखतं की नाही?

बाईंना एक खोटं बोलून सगळं मिटवता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मेंदू ह्या हाताला शिवताच जागा होतो, त्या हाताला शिवताना होत नाही, एवढं कागदावर आहे. वेदनेने जागा होतो की भीतीने, हे ह्या रेघांवरून मला सांगता येत नाही. अजून कुणालाच सांगता येत नाही. दुखतं का हे कळायचा आजच्या दिवशी एकच मार्ग आहे. ज्याचं दुखतं त्याला विचारायचं.

गुरुदासाने हात उडवले. म्हणजे एवढा खटाटोप करून यंत्रही सांगत नाही, म्हणाला.

बैठक त्याच संध्याकाळी, उजेड असताना, होड्यांच्या सावलीत झाली. गंगाराम आला नाही, त्याला ताप भरला होता. माझा जीव मात्र त्याच्या घराकडे लागलेला, कारण बाईंनी जे सांगितलं ते त्याने ऐकलं होतं. यंत्र नाही म्हणालं नव्हतं, पण हो सुद्धा म्हणालं नव्हतं. मघाशी येता येता मी त्यांच्या परसात डोकावलो होतो. ओंडका तिथेच होता.

भिकाजीने विषय काढला. फार बोलला नाही. गंगाराम दोर ओढणार नाही, ओढून आलेले दोर डाव्या हाताने गुंडाळील, आणि वाटा पुरा. गुरुदास उभा राहिला. तांडेलाचा भाऊ म्हणून हे चाललंय, असं त्याने तोंडावर सांगितलं. मशीन तर काही बोललंच नाही, मग हे कोण सांगतंय?

"मशिनीन सांगूक नाय," भिकाजी म्हणाला. "मी सांगतंय. हो आंगठो माजो." आणि अंगठा सगळ्यांपुढे धरला. "माजो हात तेच्या हातात होतो. थंड, मेलेल्या बांगड्यासारको. आणि मी दाबलंय तेव्हा आतून असो उसाळलो, जसो जाळ्यात मोठो मासो. कोणाक खोटां वाटत आसात तर तेणा आजपासून तांडेल व्हवचां. माका चलात."

कुणी तांडेल व्हायला पुढे आलं नाही. बाबूने खाकरून म्हटलं, मग ठरलं. काही जणांना पटलं नव्हतं. ते पुढेही वर्षभर पुटपुटत राहिले, खोटं कशाला सांगू? पण बैठक उठली.

मी भिकाजीबरोबर गंगारामाच्या घरी गेलो. सुभद्रा वहिनीने पेजेचं वाडगं त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं, तो डाव्या हाताने जेवत होता. भिकाजी उंबऱ्यावरच बसला. बैठकीतलं काहीच सांगितलं नाही त्याने. वाट्याचंही नाही, गुरुदासाचंही नाही. नुसतं विचारलं, "आज कितको दुखता?"

गंगारामाचा घास हातात राहिला. त्याने बराच वेळ भावाकडे बघितलं, हा पुन्हा काही तपासतोय की काय म्हणून. मग म्हणाला, "लाटो मोठ्यो आसत."

"आणि काल?"

"काल तुफान होतां."

भिकाजीने मान हलवली आणि उठून गेला. गंगाराम पेज संपवून झोपला. सुभद्रा वहिनी म्हणाली, पाकट लागल्यापासून पहिल्यांदा तो पहाटेपर्यंत झोपला.

दुखणं पुढे कमी झालं का? झालं, पण पुरतं नाही. चार-पाच वर्षांनी बाही लागली तरी चालू लागली, थंडीत मात्र ओलं फडकं सुटलं नाही. दोर गुंडाळण्यात तो असा तयार झाला की इतर वाड्यांची माणसं बघायला यायची, आणि गोष्टी तर अजून लांबल्या, कारण आता ओढायचं नसल्यामुळे श्वास शिल्लक राहायचा. गुरुदास त्याच्याशी बोलू लागला, पण माफी वगैरे काही मागितली नाही. तो तसला माणूसच नव्हता. नीरजाबाई पुढच्या मेमध्ये आल्या तेव्हा मोडलेल्या टाकाची भरपाई म्हणून भिकाजीने त्यांना एवढा मोठा सरंगा मासा नेऊन दिला की तो शिजवायला बाईंना भांडंच मिळेना.

आणि दर संध्याकाळी, तांडेल म्हणून म्हणा की भाऊ म्हणून, भिकाजी त्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. बाजाराला गेलेला असला तरी परतताना वाट वाकडी करून यायचा. एकच प्रश्न. गंगाराम कधी म्हणायचा वारा आहे, कधी म्हणायचा पाणी स्वस्थ आहे, आणि एकदा, भिकाजीला स्वतःला ताप असताना, म्हणाला की आज तुझंच सांग आधी. भिकाजी म्हणाला, "माका जरा लाटो आसत." मग दोघे तिथेच बसून राहिले. सुभद्रा वहिनीने दोघांनाही पेज आणून दिली.